बोअरच्या भुकटीतून ब्लॅनफर्डसाहेब: भूशास्त्रज्ञाचं चरित्र प्रदर्शनात कसं मांडायचं

डिसेंबरात नात शाळेतून आली, दप्तर कॉटवर टाकलं आणि म्हणाली, "आबा, शास्त्रज्ञाचं चरित्र करायचंय प्रदर्शनाला. सगळ्या पोरींनी रामन, कलाम, कल्पना चावला वाटून घेतले. मला कोण उरलंच नाही."

मी सत्तावीस वर्षं बोअरच्या गाडीवर काढलेला माणूस. त्याआधी वडलांच्या हाताखाली विहिरी खोदल्या. शास्त्रज्ञांशी माझा संबंध एवढाच, की एकदा पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं रिगजवळ चहा पिता पिता बोअरमधून निघालेल्या दगडाच्या भुकटीच्या ढिगाकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "तुम्ही रोज जो दगड फोडताय ना, त्यावर ब्लॅनफर्ड नावाच्या इंग्रजानं दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय." नाव डोक्यात राहिलं. नातीला म्हटलं, चल, हा घेऊ. याचा दगड आपल्या घराखालीच आहे.

दीड महिना आम्ही दोघं त्यामागे होतो. बऱ्याच चुका केल्या. तुमच्या घरी असं काम आलं तर त्या परत करायला नकोत म्हणून हे सगळं लिहितोय. ब्लॅनफर्डच घ्यायला हवा असं नाही. रीत तीच.

माणूस निवडताना आधी खाली बघा

भूशास्त्रज्ञ निवडायचा तर ज्याचं काम तुमच्या गावच्या दगडाशी जुळतं असा निवडा. सोलापूरकराच्या पायाखाली काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला दगड. नागपूर-चंद्रपूरकडे राहत असाल तर स्टीफन हिस्लॉप चांगला, पाद्री होता आणि जीवाश्म गोळा करायचा. बेळगाव, बागलकोटच्या बाजूला पाहुणे असतील तर रॉबर्ट ब्रूस फूट. त्यानं १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगातली दगडी हत्यारं हुडकली. आम्ही विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड घेतला तो एवढ्यासाठी, की दख्खनच्या काळ्या दगडावर त्यानं १८६७ साली स्वतंत्र प्रबंध छापला आणि १८७९ साली मेडलिकॉट नावाच्या सहकाऱ्याबरोबर हिंदुस्थानच्या भूशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथात या काळ्या दगडाचा पसारा सुमारे २ लाख चौरस मैल धरलाय. म्हणजे पाच लाख चौरस किलोमीटर. आजही बहुतेक तोच आकडा सांगतात. उपग्रह नाही, विमान नाही, बैलगाडी आणि तंबू यांच्या जोरावर काढलेला आकडा.

दोन भावांची गल्लत

आमची पहिली चूक इथंच झाली. नातीनं मोबाइलवर फोटो शोधला, झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणला, चिकटवला. चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं, फोटोखालची सालं जुळत नाहीत. तो धाकट्या भावाचा होता. हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड, १८३४ ते १८९३.

दोघं लंडनच्या एकाच खाणशाळेत शिकले, दोघांना १८५४ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या भूशास्त्र खात्यातच नोकरी लागली, दोघं १८५५ साली कलकत्त्याला उतरले. पुढं हेन्रीनं १८६२ साली भूशास्त्राचं खातं सोडलं आणि तो हवामानाकडे वळला. १८७५ साली हिंदुस्थानचं हवामान खातं निघालं त्याचा पहिला प्रमुख तोच. हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा पाऊस कमी पडतो, हा अंदाज त्यानं १८८४ साली मांडला. तेही १८७६-७८ च्या दुष्काळाची होरपळ ताजी असताना, आणि त्या दुष्काळात आपला सोलापूर जिल्हा किती पोळला ते जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. एक भाऊ जमिनीखालचं बघणारा, एक आभाळातलं, आणि मधे आपण कोरडे.

तर पक्कं करायची सोपी रीत. कुठलाही फोटो किंवा मजकूर घेताना तीन गोष्टी जुळवा: जन्मसाल, मृत्यूसाल आणि एका पुस्तकाचं साल. आमच्या विल्यमचे १८३२, १९०५ आणि १८७९. तिन्ही जुळली तरच घ्या.

दुसरी चूक याहून मजेशीर. एका पानाचं नातीनं मोबाइलकडून मराठी करून घेतलं, तर तक्त्यावर ठळक अक्षरांत आलं, "दख्खनचे सापळे". मी विचारलं, "उंदरांचे का?" मूळ इंग्रजी नाव डेक्कन ट्रॅप्स, आणि त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय. लाव्हाचे थर एकावर एक बसले आणि झिजून पायऱ्या दिसायला लागल्या, म्हणून ट्रॅप. सोलापूर शहराभोवतीच्या सपाट माळावर या पायऱ्या नीट उमगत नाहीत. बार्शीच्या पुढं बालाघाटच्या डोंगराकडे एसटीनं जाताना खिडकीतून बघा, मग कळतं शब्द कुठून आला. मोबाइलनं केलेलं भाषांतर मोठ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय तक्त्यावर चढवू नका.

जुने प्रबंध आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. शोधताना गावांची नावं जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं टाकायची. सोलापूरच्या सुरुवातीला एस-एच, नर्मदेचं नेरबुड्डा, पुण्याचं पूना. आजच्या स्पेलिंगनं काहीच हाती लागत नाही, आणि मग वाटतं त्यानं आपल्याकडचं काही लिहिलंच नाही.

आयुष्याची पट्टी

चरित्र म्हटलं की पोरं तक्त्यावर जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू असे चार चौकोन आखतात. वाचणारा अर्ध्या मिनिटात पुढं जातो. त्यापेक्षा कापडाची लांब पट्टी करा. सोलापुरात कापडाला काय तोटा? टॉवेलच्या कारखान्यातून कडेची फाटलेली पट्टी फुकट मिळाली.

एका वर्षाला ५ सेंटीमीटर. १८३२ ते १९०५ म्हणजे ७३ वर्षं, पट्टी ३ मीटर ६५ सेंटीमीटर. ती हॉलच्या भिंतीवर ताणायची. हिंदुस्थानातली नोकरी, १८५५ ते १८८२, तेवढा १३५ सेंटीमीटरचा तुकडा काळा रंगवायचा. रंगवताना माझ्या लक्षात आलं, बरोबर सत्तावीस वर्षं. माझ्या बोअरच्या गाडीएवढीच. नातीला सांगितलं तर म्हणाली, "मग तुमचीपण पट्टी करू या का?"

पट्टीवर काय टाकायचं ते निवडणं हेच खरं काम. आम्ही टाकलेलं सांगतो.

१८४८ च्या पुढं इटलीतलं चिविताव्हेकिया बंदर. पोराला व्यापारी करायचं घरच्यांच्या मनात होतं, म्हणून तिथल्या एका पेढीत दोन वर्षं ठेवला. ते काही जमलं नाही, १८५१ साली परतला, आणि धाकटा भाऊ आधीच खाणशाळेत गेला होता त्याच्यामागे हाही गेला. मोठा भाऊ धाकट्याच्या मागे! हे चरित्रात जरूर टाका. शाळेतल्या पोरांना पदकापेक्षा हे कळतं. पुढं जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणशाळेत वर्षभर.

१८५६, ओडिशातलं तालचेर. इथं थोडं थांबा, कारण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसाची गोष्ट ही. खात्यानं पाठवलं होतं कोळसा बघायला. खात्याचा जन्मच कोळशापायी झालेला. आगगाड्या आणि आगबोटींना कोळसा हवा, म्हणून १८५१ साली थॉमस ओल्डहॅमला आणून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू केलं होतं. तालचेरला कोळशाच्या थरांखाली दोघा भावांना आणि थिओबाल्ड नावाच्या सोबत्याला वेगळाच खडक दिसला. बारीक गाळाचा चिखल, आणि त्यात मोठमोठे गोल धोंडे. माझ्यासारख्या विहीर खोदणाऱ्यालाही हे खटकतं. ज्या पाण्याला धोंडा वाहून न्यायचा जोर आहे ते बारीक गाळ खाली बसू देत नाही. जे पाणी बारीक गाळ बसू देतं ते धोंडा आणू शकत नाही. मग दोन्ही एकत्र कसे? ब्लॅनफर्ड मंडळींनी लिहिलं, बर्फानं आणले. बर्फात गोठलेले धोंडे तरंगत आले आणि बर्फ वितळल्यावर गाळात पडले. ओडिशाच्या उकाड्यात बसून वय चोविशीचं, नोकरीला वर्ष होतंय, आणि म्हणे इथं बर्फ होतं! पटायला जड होतं. १८७० नंतरच्या काही वर्षांत आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई गावाजवळ तशाच थरातले ओरखडे पडलेले धोंडे आणि त्याखालचा घासून गुळगुळीत झालेला चुनखडक सापडला, तेव्हा बर्फाची गोष्ट पक्की झाली. भारताची भूमी तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती, हे कळायला पुढं विसावं शतक उजाडावं लागलं.

नातीनं पट्टीवर या जागी वितळता बर्फ दाखवायला डबीत बर्फाचा खडा ठेवायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. प्रदर्शन दुपारी, सोलापूर, काय टिकणार. शेवटी तुरटीचा खडा ठेवला.

१८६२ ते १८६६ मुंबई इलाखा, नर्मदा-तापीची खोरी, हा आपला मुख्य भाग. तो पुढं भुकटीच्या भागात सांगतो. १८६७-६८ अ‍ॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया: इंग्रजांची फौज मगदलाच्या किल्ल्यावर चालून गेली, तिच्याबरोबर हा भूशास्त्रज्ञ म्हणून. तिथं त्याला आपल्यासारखेच काळ्या दगडाचे थर भेटले. १८७२ इराणची सरहद्द. १८७४ पासून सिंध. १८८२ ला निवृत्ती, १८८३ ला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं वोलॅस्टन पदक, आणि त्याच वर्षी लग्न. पन्नाशीत. नातीची आजी हे ऐकून म्हणाली, "आधी कुठं सापडणार तो, डोंगरातच."

निवृत्तीनंतर तो गप्प बसला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राण्यांवरची ग्रंथमाला संपादली, सस्तन प्राण्यांचा खंड लिहिला, पक्ष्यांचे दोन खंड लिहिले. शेवटचा १८९८ सालचा, आणि माळढोक त्यात येतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा पक्षी. पट्टीच्या त्या जागी नातीनं माळढोकाचं चित्र काढलं. गर्दी सगळ्यात जास्त तिथंच झाली, हेही खरं.

एक जागा मुद्दाम मोकळी सोडा. काळ्या तुकड्याच्या खाली आम्ही एक रिकामी चौकट शिवली आणि तिच्यावर लिहिलं: गाडीवान, तंबू ठोकणारे खलाशी, दगड वाहणारे. साहेबाची पेटी कोणीतरी उचलली असणार, धोंडे कोणीतरी फोडले असणार. हे मी बोललो कारण माझे वडील आयुष्यभर विहिरी खोदत होते आणि एकाही विहिरीच्या कठड्यावर त्यांचं नाव नाही, जमीनमालकाचं आहे. चौकटीपासून थोडं पुढं १८८० वर प्रमथनाथ बोस यांचं नाव टाका. खात्यात वरच्या हुद्द्यावर घेतलेला हा आपला माणूस, आणि त्यांनीही नर्मदेच्या खोऱ्यातच काम केलं.

भुकटी: खरा ऐवज

आता माझ्या कामाचं. बोअर घेताना हवेच्या दाबानं भुकटी वर येते. रॉड वीस फुटी असतो, त्यामुळे किती खोल गेलो ते रॉड मोजून कळतं. हेल्पर दर दहा फुटांना मूठभर भुकटी ओळीनं मांडत जातो. शेतकरी म्हणतो पाणी लागलं का, मी बघतो रंग. मला सवय होती, जरा वेगळा रंग दिसला की काडेपेटीत भरायचा आणि वर खोली लिहायची. घरात अशा सत्तर-ऐंशी काडेपेट्या निघाल्या. बायकोनं दोनदा फेकायला काढल्या होत्या.

तुमच्याकडे काडेपेट्या नसतील तर गावात बोअर चालू असेल तिथं जाऊन मागा. सकाळी लवकर जा, नारळ फुटायच्या वेळेला. सुपरवायझरला आधी विचारा, मग हेल्परला चहा पाजा. रिगपासून लांब थांबा, कंप्रेसरचा पाइप सुटला तर माणूस उडतो, आणि तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ छातीत बसते. मला अजून खोकला आहे. भुकटी घेताना लगेच उचलू नका. वरच्या थराचा कचरा त्यात मिसळलेला असतो. नवीन फुटाला थोडा वेळ हवा मारू द्या, मग घ्या. घरी चहाच्या गाळणीत धुवा, पांढऱ्या कागदावर वाळवा, आणि भिंगाखाली बघा.

आमच्या एका बोअरच्या पेट्या अशा होत्या: पंधरा फुटांपर्यंत काळी माती आणि मुरूम, मग काळा पाषाण, मग मांजऱ्या, मग चार-पाच फूट तांबडी, पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा पाषाण. हे पोरांना सांगताना वरून खाली सांगू नका, गोंधळ होतो. खालून वर सांगा, कारण लाव्हा तसाच साचला.

खालचा काळा पाषाण हा लाव्हाच्या थराचा मधला भाग, सावकाश थंड झालेला, घट्ट. त्याच्या वरचा मांजऱ्या म्हणजे त्याच थराचा माथा. लाव्हातला वायू बुडबुड्यांनी वर चढला आणि माथ्याशी अडकला. इडलीचं पीठ फुगताना भोकं वरच्या बाजूला धरतात तसं. पुढं हजारो वर्षं पाणी झिरपून ती भोकं पांढऱ्या, हिरवट खनिजांनी भरली. म्हणून मांजऱ्याची भुकटी राखाडी आणि त्यात पांढरे कण. मग तांबडी: तो माथा उघड्यावर पडून राहिला, ऊन-पाऊस खाऊन त्याची माती झाली, आणि वरून पुढचा लाव्हा आला तेव्हा ती भाजली गेली. दोन लाव्हांच्या मधली सुट्टी म्हणजे तांबडी.

हीच तांबडी सांगते की हा लाव्हा उघड्या जमिनीवर वाहिला. त्या काळी काहींचं म्हणणं होतं की तो मोठ्या तळ्यात पसरला. ब्लॅनफर्डनं जमिनीवर वाहिल्याची बाजू लावून धरली. थरांमध्ये मधे मधे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात, पण ती डबकी आणि छोटी तळी होती, एकच मोठं तळं नव्हतं. माझ्या धंद्यात तांबडीचा अनुभव वेगळा. ती पाणी फार देत नाही, ओली झाली की फुगते आणि रॉड धरून ठेवते. एका बोअरला तीन रॉड आणि हॅमर तिथंच सोडून यावं लागलं, मालकानं माझ्या पगारातून कापले. तेव्हा तांबडीला शिव्या दिल्या होत्या. आता तिची काडेपेटी मधोमध ठेवली.

पांढऱ्या कणांची परीक्षा घरी होते. पोलादी सुरीच्या टोकानं ओरखडा पडला आणि चुरा केलेल्या कणावर लिंबाचा रस टाकल्यावर बारीक फेस आला, तर तो कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. सुरीनं ओरखडाच उठत नसेल तर गारगोटीच्या जातीचं. मधलं, मोत्यासारखी चकाकी असलेलं, पापुद्रे सुटणारं, बहुतेक वेळा झिओलाइट, म्हणजे मांजऱ्याच्या भोकांत भरणारं खनिज. वरच्या मातीतली चुनखडी पण लिंबानं फसफसते, म्हणून पेटीवर खोली लिहिलेली नसेल तर फसगत होते.

भुकटी मिळाली नाही तर जुनी, बांधकाम न केलेली विहीर शोधा. वरून, कठड्यापाशी उभं राहून भिंत बघायची, आत उतरायचं नाही. हातोडी मारायची ती बाहेर टाकलेल्या दगडावर. वडील म्हणायचे, आवाज ऐक. काळा पाषाण कणकण वाजतो, मांजऱ्या भद्द. खडी क्रशरच्या खाणीत पोरांना नेऊ नका. सुरुंग, कडे, आणि तळाशी साठलेलं पाणी. त्यापेक्षा हिप्परग्याच्या तलावाकडे न्या. १८७१ साली पुरा झालेला, म्हणजे ब्लॅनफर्डच्याच काळातला.

मॉडेल, कारण परीक्षकांना मॉडेल लागतंच

दरवर्षी सोडा-व्हिनेगरचे दहा ज्वालामुखी येतात. शंकूसारखा डोंगर, वरून लाल फेस. आपल्या दगडाला ते लागू नाही. इथला लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून वर आला आणि पाण्यासारखा पसरला. ते असं करा.

बुटाचा खोका घ्या, आत प्लॅस्टिक पसरून तेलाचा हात फिरवा. तळाला सुरीनं बोटभर रुंद, वीतभर लांब भेग पाडा. खोका दोन विटांवर ठेवा. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी, त्यात हार्डवेअरच्या दुकानातलं काळं ऑक्साइड. हे दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरून कोपरा कापायचा आणि खालून भेगेतून दाबायचं. वर येऊन पसरलं की लगेच त्यावर साबुदाणा पेरून हलका दाबायचा. तो मांजऱ्याचे पांढरे कण. घट्ट झाल्यावर गेरूची पातळ पूड भुरभुरायची, ती तांबडी. दुसऱ्या लाव्हासाठी पहिला थर ओलसर असतानाच त्याच भेगेत पातं घालून फोडायचा आणि पुन्हा खालून दाबायचं. असे तीन. अर्ध्या तासानं करवतीच्या पात्यानं मधोमध कापा. कापावर थर तर दिसतातच, पण वर चढलेल्या लाव्हाची उभी काळी रेघही दिसते.

घाई करा. आमची पहिली पिशवी नातीच्या हातातच दगड झाली, कारण मी तिला साबुदाण्यावरून गोष्ट सांगत बसलो.

विचारले गेलेले प्रश्न

"हा साहेब सोलापूरला आला होता का?" हा पहिला. नातीनं आधी लिहूनच टाकलं होतं: रेल्वे १८६० साली सोलापूरला आली, साहेब १८६२ ला मुंबई इलाख्यात आला, म्हणजे तो स्टेशनवर उतरला आणि त्यानं शेंगाचटणी खाल्ली. मी खोडायला लावलं. पुरावा हातात नसेल तर गावाच्या प्रेमापोटीही लिहायचं नाही. तिनं उत्तर दिलं, "त्याचं काम नर्मदा-तापीकडे. थर मात्र तेच आमच्या घराखालपर्यंत आलेत."

"दगडाचं वय किती?" ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास. पण हा आकडा ब्लॅनफर्डच्या तोंडी घालू नका. किरणोत्सर्ग सापडला १८९६ साली, त्यावरून दगडाचं वय काढायची रीत त्याच्याही नंतरची. त्यानं कोणत्या थरावर कोणता थर बसलाय आणि मधे कोणते जीव आहेत ते बघून सांगितलं, की हा लाव्हा क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या युगातल्या शेवटच्या काळाच्या, अखेरीकडचा. दिशा बरोबर निघाली. आकडा समजावायला नातीची पट्टी कामाला आली: याच मापानं, वर्षाला ५ सेंटीमीटर, दगडाच्या वयाची पट्टी केली तर ३,३०० किलोमीटर होते. मुंबई-सोलापूर रेल्वेनं सातदा.

"गोंडवन हे नाव यानंच दिलं ना?" फसवा प्रश्न. कोळशाच्या त्या जुन्या थरांचं ते नाव मेडलिकॉटनं दिलं. ग्रंथ दोघांचा म्हणून गल्लत होते.

एका परीक्षकानं विचारलं, "यात लाइट कुठं लागतो?" लागत नाही म्हटल्यावर ते पुढं गेले. दुसऱ्या बाई मात्र वीस मिनिटं थांबल्या, एकेक काडेपेटी उघडून वास घेतला, आणि रिकाम्या चौकटीकडे बघत विचारलं, हे कोणी शिवलं.

क्रमांक तिसरा आला. पेट्या परत आणताना रिक्षात तांबडीची एक उघडली आणि सांडली. रिक्षावाला म्हणाला, "काय बे काका, कुंकू का?" मी म्हटलं, साठ फुटांवरचं. त्यानं मॅट झटकायला थांबवलं तेव्हा नात खाली वाकून चिमूट चिमूट परत पेटीत भरत होती, खोली लिहिलेली बाजू वर ठेवून.